मनोरा आणि ‘लॉयल्टी’

तंजावूरच्या राजवाड्यात दुसऱ्या सरफोजीराजांचा संगमरवरी पुतळा आहे; तो एका इंग्रज शिल्पकाराने घडविला. आपण मराठी माणसे तेथे जातो ती बहुधा सरस्वती महालातील ग्रंथसंपदेच्या ओढीने. परंतु या राजाची आणखी एक खूण तेथून सुमारे ६५ किलोमीटरवर, पट्टुक्कोट्टैच्या पुढे समुद्रकाठी उभी आहे. तिला तमिळ भाषकही ‘मनोरा’ असेच म्हणतात.

१७९९ च्या तहाने तंजावूरचा कारभार कंपनी सरकारकडे गेला. राजांकडे राहिला किल्ला, वाडा आणि वार्षिक नेमणूक. नेपोलियनवर इंग्रजांनी मिळविलेल्या विजयाप्रीत्यर्थ राजांनी १८१४ च्या सुमारास हा आठ मजली मनोरा बांधविला. सत्ता गमावलेल्या दरबाराने व्यक्त केलेली ती राजनिष्ठा होती.

बरोबर शंभर वर्षांनी दुसऱ्या एका मराठा दरबाराने हीच निष्ठा जहाजाच्या रूपाने प्रकट केली. ग्वाल्हेरचे महाराज माधवराव शिंदे यांनी १९१४ च्या अखेरीस कॅनेडियन पॅसिफिक कंपनीचे ‘एम्प्रेस ऑफ इंडिया’ हे जहाज विकत घेतले. १८९१ पासून ते हाँगकाँग, जपान आणि व्हँकूव्हर या मार्गावर प्रवासी, टपाल, चहा व रेशीम वाहत असे. जखमी हिंदी सैनिकांसाठी त्याचे इस्पितळ करण्यात आले आणि जानेवारी १९१५ मध्ये त्याला नाव मिळाले ‘लॉयल्टी’.

येथे एक भेद ध्यानात घ्यावयास हवा. सैन्य वा दारूगोळा नेणारे व्यापारी जहाज शत्रूच्या दृष्टीने लक्ष्य ठरते. इस्पितळाच्या जहाजाला मात्र १९०७ च्या हेग कराराचे संरक्षण असे. त्यासाठी पांढरा रंग व रेडक्रॉसचा ध्वज आवश्यक होता, शत्रूला झडती घेऊ देणे बंधनकारक होते आणि कोणतेही लष्करी काम निषिद्ध होते. एकाच सांगाड्याचे कायदेशीर रूप असे कागदावर बदलते. म्हणूनच युद्धकाळी जहाजाच्या बांधणीइतकीच त्याच्या नोंदीला किंमत असते.

परंतु खरा प्रश्न त्यापुढचा आहे. युद्ध संपल्यावर अशा जहाजाचे काय करावयाचे? १९१९ मध्ये वालचंद हिराचंद, नरोत्तम मोरारजी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘लॉयल्टी’ विकत घेतली आणि सिंधिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनी स्थापन केली. कंपनीचे नावही शिंदे घराण्यावरूनच आले. ५ एप्रिल १९१९ रोजी हे जहाज मुंबईहून लंडनला निघाले. ज्या समुद्रमार्गांवर ब्रिटिश कंपन्यांचा एकाधिकार होता, त्यांवर हिंदी मालकीचे जहाज उतरले! १९६४ पासून हा दिवस राष्ट्रीय सागरी दिन म्हणून पाळला जातो.

जहाज तेव्हा म्हातारे झाले होते. १९२३ मध्ये ते मुंबईतच मोडीत निघाले. त्याच वर्षी ब्रिटिश कंपनीशी झालेल्या कराराने सिंधियाला किनारी वाहतुकीपुरते बांधून घातले. तरीही कंपनी टिकली आणि पुढे अनेक दशके तिची जहाजे समुद्रावर राहिली.

मनोरा आजही किनाऱ्यावर उभा आहे. ‘लॉयल्टी’चा मागमूसही उरलेला नाही. दोन्हींचा आरंभ परक्या सत्तेच्या निष्ठेत झाला. एकाचे स्मारक झाले, दुसरीतून एक उद्योग उभा राहिला. आणीबाणीसाठी केलेला खर्च आणीबाणी ओसरल्यावर कोणाच्या हाती सोपवावयाचा, हा निर्णय प्रशासनात क्वचितच गांभीर्याने घेतला जातो. १९१९ मध्ये तो सरकारने नव्हे, मुंबईच्या व्यापाऱ्यांनी घेतला, हे विसरू नये.