घरी बसून मॅट्रिक

आपल्या मंडळाच्या हीरकमहोत्सवी स्मरणिकेसाठी स्त्रीशिक्षणाच्या इतिहासावर काही लिहून द्यावे, असे चिटणीसबाईंनी मला सांगितले, तेव्हा प्रथम मी नाहीच म्हटले. सावित्रीबाई, महर्षी अण्णासाहेब कर्वे, रमाबाई रानडे यांच्याविषयी आजवरच्या प्रत्येक स्मरणिकेत कोणी ना कोणी लिहिलेलेच आहे. मग मनात आले, की शाळेत गेलेल्या मुलींचा इतिहास पुष्कळांनी सांगितला. पण ज्या शाळेत गेल्या नाहीत, किंवा गेल्या आणि मधूनच परतल्या, आणि तरीही परीक्षेला बसल्या, त्यांचा इतिहास कोणी सांगितला? तो मला थोडासा ठाऊक आहे. का ठाऊक आहे, तेही पुढे ओघाने येईलच.

परीक्षा ही चीज मुळातच बायकांसाठी नव्हती. १८७६ साली चंद्रमुखी बसू या मुलीने कलकत्ता विद्यापीठाची प्रवेश परीक्षा देण्याचा अर्ज केला. विद्यापीठाने तिला बसू दिले, तिचे पेपर तपासले, ती उत्तीर्ण होण्याच्या योग्यतेची आहे हेही मान्य केले. पण उत्तीर्णांच्या यादीत तिचे नाव छापले नाही! स्त्रियांना रीतसर परीक्षा देता येण्याचा ठराव १८७८ साली झाला. आपल्या मुंबई विद्यापीठाने तोच दरवाजा १८८३ साली उघडला. म्हणजे अभ्यास करण्याची बुद्धी होती की नाही हा प्रश्न नव्हताच. नाव कोणत्या यादीत घालायचे, हा होता.

यादीत नाव येऊ लागल्यावरही शाळेपर्यंत पोहोचायचे कसे, हा प्रश्न राहिलाच. रमाबाई रानडे यांनी 'आमच्या आयुष्यातील काही आठवणी' या पुस्तकात आपल्या शिकण्याची जी हकीकत लिहिली आहे ती आपल्यापैकी अनेकींनी वाचली असेल. नवरा शिकवणारा, आणि घरातल्या बायका टोमणे मारणाऱ्या. शिकणाऱ्या बाईच्या आड पुरुषच येतात असे नाही, हे त्या पुस्तकात जितके स्वच्छ दिसते तितके मला इतरत्र क्वचितच दिसले. पुढे १९०९ साली त्यांनी पुण्यात सेवासदन काढले. तिथे मोठ्या वयाच्या बायकांसाठी वर्ग भरत, आणि घरकाम आटोपून येणाऱ्या स्त्रिया तिथे शिकत.

परदेशातही हीच अडचण होती, आणि तिथे तिच्यावर टपालाचा उपाय निघाला. अमेरिकेत बोस्टन शहरी ॲना टिकनॉर या बाईंनी १८७३ साली घरी राहणाऱ्या स्त्रियांसाठी एक मंडळी स्थापन केली. पत्राने अभ्यास नेमून द्यायचा, पुस्तके टपालाने पाठवायची, महिन्याचे महिन्याला शिष्येने पत्र लिहून काय वाचले ते कळवायचे. शिकवणाऱ्याही बहुतेक बायकाच, आणि त्या मोबदला न घेता शिकवीत. चोवीस वर्षे हे काम चालले. आपल्या हळदीकुंकवाच्या यादीवरून मंडळ चालते, तसे त्यांचे टपालावरून चालले असावे, असे मला उगीच वाटते. तिथे पदवी वा प्रमाणपत्र मात्र मिळत नसे. पत्रद्वारा संपूर्ण हायस्कूल पुरे करून दाखला मिळवण्याची सोय तिकडे पुढे झाली. नेब्रास्का विद्यापीठाने १९२९ साली सुरू केलेला असा अभ्यासक्रम प्रसिद्ध आहे. दूरदूरच्या शेतांवर राहणाऱ्या मुलांना त्याचा उपयोग झाला.

आपल्याकडे या बाबतीत अण्णासाहेब कर्व्यांचे ऋण आहे. १९१६ साली त्यांनी महिला विद्यापीठ स्थापले. शिक्षण मातृभाषेतून, आणि गृहशास्त्र व आरोग्य हे विषय मानाने शिकवायचे, हे सर्वांना माहीत आहे. परंतु घरी अभ्यास करून या विद्यापीठाच्या परीक्षेस बसण्याची मुभा स्त्रियांना होती, ही गोष्ट तितकी बोलली जात नाही. गृहीतागमा, प्रदेयागमा अशा भारदस्त पदव्या त्या काळच्या कित्येक आज्यांनी आपल्या नावापुढे लावल्या. तरीही त्यांना ऐकून घ्यावे लागे, की "तुमची ती बायकांची परीक्षा, खरी नव्हे!" कारण विद्यापीठाला कायद्याची मान्यता मिळायला १९५१ साल उजाडावे लागले. पस्तीस वर्षे ज्या बायका त्या परीक्षांना बसल्या, त्यांनी काय समजून अभ्यास केला असेल?

यानंतरचे नाव दुर्गाबाई देशमुखांचे. जन्माने आंध्रच्या, पण १९५३ साली चिंतामणराव देशमुखांशी विवाह झाल्यावर आपल्या सूनबाई. इंग्रजी माध्यमाची सक्ती झाली म्हणून लहानपणी त्यांनी शाळा सोडली होती. स्वातंत्र्याच्या चळवळीत तुरुंगवास भोगून बाहेर आल्यावर त्यांनी घरी अभ्यास केला आणि बनारस हिंदू विद्यापीठाची मॅट्रिक बाहेरून दिली. पुढे त्या वकीलही झाल्या. स्वतः पार केलेली वाट त्या विसरल्या नाहीत. मद्रासला मैलापुरात शेजारच्या मुलींना त्या बनारसच्या त्याच परीक्षेसाठी शिकवू लागल्या, आणि त्यातूनच १९३७ साली आंध्र महिला सभा उभी राहिली. १९५३ साली केंद्रीय समाजकल्याण मंडळाच्या त्या पहिल्या अध्यक्षा झाल्या. ग्रामसेविका, परिचारिका, शिक्षिका हव्यात, पण शिकलेल्या बायका मिळत नाहीत, अशी तेव्हा ओरड होती. त्यावर १९५८ साली या मंडळाने प्रौढ स्त्रियांसाठी संक्षिप्त अभ्यासक्रम सुरू केला. ज्या शिक्षणाला मुलाला पुष्कळ वर्षे लागतात ते जाणत्या बाईला दोन वर्षांत देता येते, हा त्यामागचा विचार.

असा एक वर्ग आपल्या गावातही भरत असे, आणि १९६६ साली त्यात माझ्या सासूबाई होत्या. वय चोवीस, कडेवर एक मूल. तेव्हाची एस.एस.सी. अकरावीची. दोन वर्षांनी त्या परीक्षेला बसल्या, आणि गणितात राहिल्या. पुन्हा बसायचे तर सासऱ्यांची बदली झाली. गणिताची वही मात्र त्यांनी पत्र्याच्या पेटीत जपून ठेवली.

आता माझे सांगते. १९८४ साली नववी झाली आणि वडिलांच्या आजारपणात माझी शाळा सुटली. २००३ साली मी आपल्या मंडळाची सभासद झाले. त्या वेळी नोंदवहीत शिक्षणाचा रकाना होता. माझ्या आधीच्या भगिनीने 'बी.ए.' लिहिले होते. मी 'एस.एस.सी.' लिहिले. ते खोटे होते. पुढे मला दोनदा खजिनदार निवडले, तेव्हा दर वेळी तो रकाना मला आठवे.

२०१८ साली एक जाहिरात पाहिली : घरबसल्या दहावी, परीक्षेची कटकट नाही. सहा हजार रुपये भरले. सोनेरी शिक्क्याचा सुंदर कागद आला. माझ्या धाकट्या मुलाने चौकशी केली तेव्हा कळले, की त्या मंडळाला कोणाचीही मान्यता नाही. पैसे गेले त्याचे दुःख नाही. एक खोटे झाकायला मी दुसरे विकत घेतले, याची लाज वाटली. म्हणून सांगते, की परीक्षा नाही असे जो सांगेल त्याच्या वाऱ्यालाही उभे राहू नका. आणि परीक्षा आहे म्हणाला तरी आधी शिक्षणाधिकारी कार्यालयात विचारा.

खरा मार्ग दोन प्रकारचा आहे. आपल्या राज्य मंडळाच्या दहावीला १७ नंबरचा फॉर्म भरून बाहेरून बसता येते, हे पुष्कळांना ठाऊक आहे. दुसरा मार्ग राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेचा. १९७९ साली केंद्रीय माध्यमिक मंडळाचा एक प्रयोग म्हणून मुक्त विद्यालय सुरू झाले, १९८९ साली ते स्वतंत्र झाले आणि २००२ साली त्याला आजचे नाव मिळाले. चौदा वर्षे पुरी झाली की प्रवेश. वरची मर्यादा नाही. पाच विषय, आणि ते पुरे करायला पाच वर्षांत नऊ संधी. सुटलेला विषय सुटला, तो पुन्हा द्यावा लागत नाही. ही शेवटची सवलत ज्याने कोणी योजली त्याला बायकांच्या संसाराची कल्पना असली पाहिजे.

२०२१ साली मी प्रवेश घेतला. अर्ज मोबाईलवरून, स्वाध्याय मोबाईलवरून. सरकारने २०१७ साली 'स्वयम्' नावाची जी ऑनलाइन शिक्षणाची व्यवस्था सुरू केली तिच्यावर या संस्थेचेही पाठ आहेत. रात्री दहा वाजता ओटा पुसून झाला की कानात बोळे घालून मी बसत असे. पाठ बरेचसे हिंदीत; एकदा समजले नाही तर तीनदा ऐकावे, गुरुजी रागावत नाहीत. छापील पुस्तके मात्र मराठीत मिळाली, आणि खरे सांगायचे तर अभ्यास पुस्तकांनीच झाला. परीक्षेला मोबाईल उपयोगाचा नाही. ती केंद्रावर जाऊन, बाकावर बसून, पेनानेच द्यावी लागते.

विषय घेतले मराठी, हिंदी, सामाजिक विज्ञान, गृहविज्ञान आणि गणित. गणित टाळता आले असते. मुलाने तसे सुचवलेही. सासूबाई म्हणाल्या, "घे गं, मी आहे ना." त्यांच्या जुन्या वहीतले चक्रवाढ व्याज अजून चालते, हे आम्हा दोघींना नव्याने कळले. एप्रिल २०२२ मध्ये चार विषय सुटले, गणित राहिले. ऑक्टोबरमध्येही राहिले. त्या रात्री मी पुस्तके बांधून माळ्यावर टाकली. सकाळी सासूबाईंनी ती मुलाकडून काढवून आणली आणि काही न बोलता जेवणाच्या टेबलावर ठेवली. २०२३ च्या उन्हाळ्यात मला गणितात एक्केचाळीस गुण मिळाले. सासूबाईंनी गुणपत्रिका डोळ्यांजवळ नेऊन दोनदा वाचली आणि विचारले, "मला बसू देतील का गं?" त्या आज त्र्याऐंशी वर्षांच्या आहेत. अर्ज भरला आहे.

गेल्या महिन्यात मी चिटणीसबाईंकडून जुनी नोंदवही मागून घेतली, २००३ सालच्या नोंदीवर काट मारली, खाली खरे वर्ष लिहिले आणि सही केली. अध्यक्षबाईंनाही सर्व सांगितले आहे.

मंडळाच्या खोलीत दर मंगळवारी दुपारी तीन ते पाच आम्ही पाच जणी अभ्यासाला बसतो. मराठी आणि गणित मी बघते. विज्ञान शिकवू शकेल अशी भगिनी आम्हाला हवी आहे. तिने चिटणीसबाईंना भेटावे. चहा मंडळाचा.