शून्य साखरेची गोष्ट

आमच्या हापिसात सध्या कीटोची साथ आहे. डब्यात पोळी नाही, भात नाही. पनीर, अंडी आणि वरून लोणी. आणि चार वाजता, एरवीच्या चहाच्या वेळेला, डाएट सोड्याचा गार कॅन. कॅनवर ठसठशीत अक्षरांत शून्य. आता आपण पडलो प्रोग्रामर. शून्य दिसलं की ते कुठून आलं हे शोधल्याशिवाय चैन पडत नाही. त्यात माझं गाव लिंबागणेश, जिल्हा बीड. साखर हा विषय आमच्याकडे ताटातला कमी आणि पोटापाण्याचा जास्त. म्हणून या विकांताला हा उद्योग.

आधी कीटो. हे मुळात वजन उतरवायचं डाएट नव्हतंच. उपाशी राहिलं की अपस्माराचे, म्हणजे फिट्सचे, झटके कमी होतात हे डॉक्टरांना ठाऊक होतं. पण लहान पोराला किती दिवस उपाशी ठेवणार? 1921 साली अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकच्या रसेल वाइल्डर यांनी तोडगा सुचवला: पोटभर खायला द्या, पण जवळजवळ सगळं स्निग्ध. कर्बोदकं मिळाली नाहीत की शरीर चरबी जाळून कीटोन तयार करतं, अगदी उपासात करतं तसंच. 1938 मध्ये फेनिटॉइन हे औषध आलं आणि हे कडक पथ्य मागे पडलं. औषधांना दाद न देणाऱ्या फिट्ससाठी मुलांना ते आजही देतात. आपल्यासारख्या धडधाकट माणसांपर्यंत ही कल्पना पोचायला 1972 मधलं डॉ. ॲटकिन्स यांचं पुस्तक आणि त्यानंतरची लाट लागली.

गणित सोपं आहे. कीटोवाल्याला दिवसाला साधारण 20 ते 50 ग्रॅम कर्बोदकं चालतात. नेहमीच्या कोलाच्या 330 मिलिलिटर कॅनमध्ये 35 ग्रॅमच्या आसपास साखर असते. एक कॅन प्यायला की दिवसाचा कोटा जवळपास खलास. आणि गोड खायची सवय तर जाता जात नाही. म्हणून बिनसाखरेचं गोड.

या गोडाची सुरुवात 1879 ची. बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात कॉन्स्टंटिन फालबर्ग हा रसायनशास्त्रज्ञ दगडी कोळशाच्या डांबरातून निघणाऱ्या रसायनांवर काम करत होता. संध्याकाळी जेवायला बसला तर पाव गोड लागला. हात नीट धुतले नव्हते! गडी उठला, प्रयोगशाळेत परत गेला आणि टेबलावरचं एकेक भांडं चाखत सुटला. (घरी करून बघू नये.) त्यातून सापडलं सॅकरीन, साखरेच्या तीनशे-चारशे पट गोड. पेटंट त्यानं आपल्या नावावर घेतलं. ज्यांच्या प्रयोगशाळेत काम झालं ते प्राध्यापक इरा रेमसन त्याच्यावर कायमचे खवळले.

पुढची गंमत जर्मनीतली. तिथे बीटपासून साखर करणाऱ्यांचं मोठं वजन होतं. स्वस्त सॅकरीन त्यांना परवडेना. 1902 साली कायदा करून सॅकरीन औषधाच्या दुकानापुरतं ठेवलं: मधुमेह असेल तर घ्या, नाहीतर साखर खा. लगेच स्वित्झर्लंडमधून तस्करी सुरू! पुढे पहिल्या महायुद्धात साखरेचा तुटवडा झाला आणि तेच सॅकरीन उजळ माथ्यानं गरिबांच्या घरात गेलं. म्हणजे सॅकरीन कुणी खायचं हे तब्येतीपेक्षा साखरेच्या भावानं आणि साखरवाल्यांच्या ताकदीनं ठरवलं. साखर कारखाना आणि राजकारण यांचं नातं आपल्याला नवं नाही, त्यामुळे जास्त बोलत नाही. :)

आपल्याकडेही सॅकरीनची ओळख गरिबाचं गोड अशीच. जत्रेतल्या गारेगारात सॅकरीन असतं म्हणून आई हात लावू द्यायची नाही. सुगंधी सुपारी नि पानमसाल्यात तर कायद्यानंच त्याला परवानगी आहे.

डाएट सोड्याचा जन्मही दवाखान्याशीच जोडलेला. 1952 मध्ये न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागात हायमन किर्श या सोडावाल्यानं मधुमेही रुग्णांसाठी 'नो-कॅल' काढला. बघतो तर घेणाऱ्यांत बारीक व्हायचं असलेलेच जास्त. मोठ्या कंपन्यांनी ते हेरलं. 1963 मध्ये कोका-कोलाचा 'टॅब' आला. त्यातलं सायक्लामेट उंदरांवरच्या प्रयोगांनंतर अमेरिकेत 1969 साली बंद झालं. 1977 मध्ये सॅकरीनवर पाळी आली, पण लोक इतके चिडले की बंदीऐवजी डब्यावर इशारा छापायचं ठरलं. उंदरांना ज्या मार्गानं गाठी होतात तो माणसाला लागू नाही, असं लक्षात आल्यावर 2000 साली तो इशाराही गेला. मधल्या काळात ॲस्पार्टेम आलं. 1965 मध्ये जेम्स श्लाटर अल्सरच्या औषधावर काम करत होता. कागद उचलायला त्यानं बोट चाटलं आणि ते गोड लागलं. (रसायनशास्त्रज्ञांच्या स्वच्छतेवर वेगळा लेख होईल.)

आता आपल्या जवळची गोष्ट. 1976, लंडनचं क्वीन एलिझाबेथ कॉलेज. प्राध्यापक लेस्ली हफ साखरेच्या रेणूला क्लोरीन जोडून वेगवेगळी संयुगं करून बघत होते. सोबत टेट अँड लाइल ही कंपनी, जिचा धंदाच साखरेचा. आणि काम करणारा संशोधक विद्यार्थी शशिकांत फडणीस. एक संयुग टेस्ट कर, म्हणजे तपासून बघ, असं त्यांना सांगितलं गेलं. त्यांनी ऐकलं टेस्ट कर, म्हणजे चव घे. घेतली! इंग्रजीत हे दोन वेगळे शब्द आहेत, देवनागरीत दोन्ही 'टेस्ट'च. तेव्हा फडणीसांचं काय चुकलं, हे मराठी माणसानं तरी विचारू नये. :)

त्या कुळातली बरीच संयुगं तपासून शेवटी सुक्रॅलोज निवडलं गेलं, साखरेच्या साधारण 600 पट गोड. 1991 मध्ये कॅनडानं आणि 1998 मध्ये अमेरिकेनं त्याला मान्यता दिली. आज कीटोवाल्यांच्या प्रोटीन पावडरीपासून 'शुगर फ्री' मिठाईपर्यंत ते सगळीकडे सापडतं. आणि मजा अशी की ते बनतं साखरेपासूनच. साखरेच्या रेणूतले तीन हायड्रॉक्सिल गट काढून तिथे क्लोरीन बसवायचा. जीभ फसते आणि शरीराला त्यातलं फारसं काही पचवता येत नाही. म्हणून कॅलरी शून्य.

हे सगळं मी गावाकडे तात्यांना, म्हणजे माझ्या चुलत्यांना, सांगितलं. त्यांनी नीट ऐकून घेतलं आणि म्हणाले, "म्हंजी आधी ऊस तोडायचा, साखर करायची, आन मंग तिच्यातली साखर मारायची? येवढा खटाटोप कशापायी रं?"

तात्यांना विचारायचा हक्क आहे. बालाघाटच्या डोंगररांगेतली आमची जमीन हलकी, पाऊस बेभरवशाचा. दसरा-दिवाळी झाली की बीड जिल्ह्यातून लाखो माणसं ऊसतोडीला सांगली, कोल्हापूर, सातारा, कर्नाटक अशी बाहेर पडतात ती उन्हाळ्यापर्यंत. मुकादमाकडून उचल आधीच घेतलेली असते, ती ऊस तोडून फेडायची. नवरा-बायकोची जोडी म्हणजे 'एक कोयता'. हिशोबातही दोघं मिळून एक. आजारी पडून खाडा झाला की पैसे कापणार. 2019 मध्ये ऊसतोडीला जाणाऱ्या बायकांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांवरून ओरड झाली. सरकारनं नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. बीड जिल्ह्यातल्या 82 हजारांवर ऊसतोड महिलांची पाहणी झाली, त्यात 13 हजारांहून जास्त जणींची ही शस्त्रक्रिया झालेली निघाली.

फडावर पहाटेच्या अंधारात भाकरीआधी पोटात जातो तो चहा, मूठभर साखर घातलेला. तिथे साखर म्हणजे चैन नव्हे, मोळ्या उचलायचं इंधन. तात्यांनी वीस वर्षं कोयता चालवला. आता त्यांना मधुमेह निघालाय आणि डॉक्टरांनी चहातली साखर बंद केलीय. त्यांच्या सदऱ्याच्या खिशात गोड गोळ्यांची छोटी डबी असते. चहात एक गोळी टाकतात, हलवतात, तोंड वाकडं करून पितात.

मला वाटतं या सगळ्या शोधांचा खरा मालक तात्यांच्या खिशातली ती डबी आहे. कीटो फिट्स येणाऱ्या पोरांसाठी, 'नो-कॅल' मधुमेह्यांसाठी. ज्यांना साखर सोडावीच लागते त्यांच्यासाठी ही सोय झाली. ज्यांना ती सोडाविशी वाटते ते आपण मागाहून आलो. आपण आल्यामुळे तात्यांची डबी स्वस्त झाली असेल तर चांगलंच आहे. पण आपण साखर सोडली म्हणून कोयता थांबला, असं काही झालेलं नाही. उसाला आता इथेनॉलचं गिऱ्हाईकही आहे. 2025 मध्ये पेट्रोलमध्ये 20 टक्के इथेनॉल मिसळायचं उद्दिष्ट देशानं गाठलं. साखर आपल्या पोटात न जाता उसाचा रस गाडीच्या टाकीत जातोय. ऊस तोडणारे हात बरेचसे तेच.

राहिला हापिसातला प्रश्न: कीटोवर डाएट सोडा चालतो का? कर्बोदकांच्या हिशोबात चालतो. फक्त पुडीतली गोड पावडर घेताना मागचं बारीक अक्षर वाचा. पावडर फुगवायला बऱ्याचदा माल्टोडेक्स्ट्रिन किंवा डेक्स्ट्रोज घालतात, आणि ती कर्बोदकंच. जुलै 2023 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेनं ॲस्पार्टेमला 'कदाचित कर्करोगकारक' म्हटलं. पण शरीराच्या दर किलो वजनामागे रोज 40 मिलिग्रॅम ही मर्यादा कायम ठेवली गेली. 70 किलोच्या माणसाला ती ओलांडायला दिवसाला 9 ते 14 कॅन लागतील, तेव्हा लगेच घाबरू नका. मात्र त्याच वर्षी मे महिन्यात याच संघटनेनं सांगितलं, की वजन आटोक्यात ठेवायला साखरेऐवजी अशा पदार्थांवर विसंबू नका. दीर्घकाळात चरबी कमी होते असं दिसत नाही. ही सूचना ज्यांना आधीच मधुमेह आहे त्यांना लागू नाही. म्हणजे तात्यांना मोकळीक आहे, आपल्याला नाही.

मी स्वतः चार वाजता साधं पाणी पितो. कीटो मला जमणार नाही. ज्वारीची भाकरी सोडायची म्हणजे गावाला तोंड दाखवायची चोरी.

असो. पुढच्या विकांताला गुळावर लिहीन म्हणतो.