गावात मागे राहिलेल्या बाया

आजीचं सासर घोडेगावच्या वर, भीमाशंकरच्या रानाच्या अंगाला. त्या बाजूचे गडी पिढ्यान्‌पिढ्या मुंबईला. मुंबईचे डबेवाले १८९०च्या सुमारापासूनचे, आणि त्यातले कितीतरी आपल्याच जुन्नर, आंबेगाव, खेड, मावळातले. आजोबाही डब्यांची पाटी डोक्यावर घेऊन फिरले. जत्रेला यायचे, पेरणीला यायचे, की पुन्हा गाडी. गावात उरायच्या बाया, पोरं आणि म्हातारी माणसं. मग रात्री-बेरात्री कुणाला पान लागलं, कुणी बाई अडली, तर धावायचं कुणी?

आजी धावायची. ती सुईण होती. पहाटे परतली की आधी अंघोळ, मग चुलीपुढं बसून वाटीभर हुलग्याचं माडगं. हे मी आईकडून ऐकलेलं. मी पाहिलेल्या आजीला दिसत नव्हतं, तरी शेजारच्या सुनेच्या पोटावर हात ठेवून बाळाचं डोकं कुठल्या अंगाला आहे ते ती सांगायची.

आत्या एका आषाढाची गोष्ट सांगतात. बाई दोन दिवस अडलेली, वाडीत एकही धडधाकट गडी नाही. झोळी उचलायची ती गड्यांनी, अशी रीत. आजी म्हणाली, “गडी मुंबैला. मंग काय वाट बघत बसायचं?” घोंगडी बांबूला बांधली आणि बायांनीच बाईला घोडेगावला नेलं. थोरली आत्या म्हणते खांद्याला चौघी होत्या, धाकटी म्हणते सहा. बाई वाचली, एवढ्यावर मात्र दोघींचं एकमत.

पुढं शाळेत सावित्रीबाई वाचल्या तेव्हा मला आजीच आठवली. १८९७च्या प्लेगात मुंढव्याचं आजारी पोर पाठीवर घेऊन त्या आपल्या मुलाच्या, यशवंतरावांच्या दवाखान्यात गेल्या आणि १० मार्चला त्याच साथीनं त्यांना नेलं. आपल्या पुणे जिल्ह्यात बाईच्या पाठीवरून रुग्ण दवाखान्यात गेला, त्याला सव्वाशे वर्षं होऊन गेली.

ज्या आंबेगावावरून तालुक्याला नाव पडलं, ते गाव डिंभ्याच्या धरणात गेलं. पाण्यापल्याडच्या वाड्यांना दवाखान्याची वाट लांबच पडते. मग आलं २०१४. त्याच साली राज्यात १०८ची रुग्णवाहिका सुरू झाली आणि त्याच साली, ३० जुलैच्या सकाळी, माळीणवर डोंगर आला. दीडशेच्या वर माणसं गेली. रोजच्या एसटीच्या चालकाला गावच दिसेना, तेव्हा बाहेर कळलं. १०८ची गाडी कितीही वेगानं निघाली तरी घाट, पाऊस आणि चिखल यातून तिला वेळ लागतोच. तोवर जे जवळ असतात, त्यांचेच हात पहिले.

आज ते हात आशाताईंचे आहेत. कागदावर स्वयंसेविका; पगार नाही, मानधन आणि कामाप्रमाणं मोबदला. पण रात्री दार वाजतं ते त्यांचंच. सर्पदंशाचंच घ्या. नारायणगावचे डॉ. सदानंद राऊत आणि डॉ. पल्लवी राऊत यांनी त्यावर वर्षानुवर्षं काम केलंय. नाग, मण्यार, घोणस, फुरसं या चारही विषांवर एकच प्रतिविष चालतं. मात्र ते वेळेत मिळायला हवं. दंशाची जागा कापायची नाही, करकचून बांधायची नाही, हातपाय हलू द्यायचे नाहीत, थेट दवाखाना गाठायचा. एवढं ज्या बाईला पक्कं ठाऊक, ती भगताकडं जाणारा तासभर वाचवते.

मला वाटतं, हे शिक्षण एकट्या आशाताईवर सोडू नये. बचत गटातल्या, अंगणवाडीतल्या, भात लावणाऱ्या बायांनाही रक्त थांबवायला, छाती दाबून रक्ताभिसरण चालू ठेवायला, रुग्णाला नीट उचलायला शिकवावं. बिबट्याच्या मुलखात रात्री निघायचं तर हातात चांगली बॅटरी हवी, सोबत हवी, घरून अडवणूक नको. ग्रामपंचायतीच्या फळ्यावर त्यांची नावं आणि फोन नंबर असावेत. आणि रात्रीच्या फेरीचा मोबदला रीतसर मिळावा. आजीला एका बाळंतपणाला खण-नारळ मिळायचा, तोही कधी कधी. तिच्या नातींना फुकट राबवून आपण तिचा मान राखला असं होणार नाही.