परग्रहवासी आणि माणूसपणाची ओळख

परग्रहावरून आलेला पाहुणा माणूस म्हणजे काय ते शिकतो, अशा विज्ञानकथा तुम्ही वाचल्या किंवा पाहिल्या असतील. इतिहासाचे साधन म्हणूनही त्या वाचता येतात. त्या त्या काळाला माणसाविषयी काय खटकत होते, हे त्यांतून कळते. तीन उदाहरणे पाहू.

व्होल्तेअर यांची ‘मायक्रोमेगास’ ही फ्रेंच कथा १७५२ साली प्रसिद्ध झाली. व्याध ताऱ्याकडून आलेला प्रचंड देहाचा प्रवासी शनीवरच्या सोबत्यासह पृथ्वीवर उतरतो आणि एका जहाजावरच्या तत्त्वज्ञांशी बोलतो. एवढ्याशा जीवांना अचूक मोजमाप करता येते, याचे त्याला नवल वाटते. पण हेच जीव जमिनीच्या तुकड्यासाठी हजारोंनी एकमेकांना मारतात, हे ऐकून तो संतापतो. बुद्धी आहे, मग शहाणपण का नाही, हा प्रबोधनकाळाचा प्रश्न येथे दिसतो.

एच. जी. वेल्स यांच्या ‘द वॉर ऑफ द वर्ल्ड्स’ (१८९८) या कादंबरीत मंगळवासी इंग्लंडवर चाल करून येतात. ते माणसाकडून काहीच शिकत नाहीत. धडा आहे तो वाचकासाठी. युरोपीय वसाहतवाल्यांनी टास्मानियातील मूळ रहिवाशांचा जो संहार केला, त्याची आठवण वेल्स सुरुवातीलाच देतात. साम्राज्याच्या नागरिकाला ते जिंकल्या गेलेल्यांच्या जागी उभे करतात.

सत्यजित राय यांची ‘बंकुबाबूर बंधू’ ही बंगाली कथा १९६२ साली ‘संदेश’ या मुलांच्या मासिकात आली. बंकुबाबू हे खेड्यातले गरीब स्वभावाचे मास्तर. गावच्या अड्ड्यावर सगळे त्यांची टिंगल करतात आणि ते मुकाट्याने सोसतात. बांबूच्या बनात भेटलेला परग्रहवासी त्यांना सांगतो की, अन्याय निमूटपणे सोसणे हाच त्यांचा दोष आहे. त्यानंतर बंकुबाबू अड्ड्यावर जाऊन सर्वांना खडसावतात. येथे माणूसपण शिकतो तो माणूसच.

तिन्ही कथांत एकच प्रश्न आहे : आपण कोणाला माणूस मानतो आणि कोणाला मानत नाही? व्होल्तेअर तो युद्धखोरांना, वेल्स साम्राज्याला आणि राय गावच्या अड्ड्याला विचारतात.

आता ‘पीके’ (२०१४) हा हिंदी चित्रपट याच दृष्टीने पाहा. परग्रहावरून आलेल्या नायकाला आपली कोणती गोष्ट उमगत नाही, ते वहीत टिपा. आपल्याला ती इतकी सवयीची का झाली, याचा शोध घ्या. तुमचा अभ्यास तेथून सुरू होईल.