थिबा राजाच्या गोष्टीचा राहिलेला भाग

रत्नागिरीचा थिबा पॅलेस आपल्यातल्या बऱ्याच जणांनी शाळेच्या सहलीत पाहिलाय. ब्रह्मदेशच्या राजाला इंग्रजांनी कैद करून इथे ठेवलं, तो इथेच वारला, एवढं ऐकून गाडी पुढे गणपतीपुळ्याला जाते. पण या गोष्टीचा उरलेला भाग फिरून पुन्हा महाराष्ट्रातच येतो, आणि आज आपल्या गावाला तो उपयोगी आहे असं मला वाटतं.

नोव्हेंबर १८८५ मध्ये इंग्रजांनी मंडाले घेतलं. पुढच्या वर्षी थिबा राजाला रत्नागिरीत आणलं. आपलं मालवणही तेव्हा रत्नागिरी जिल्ह्यातच होतं. १९१६ साली राजा इथेच गेला.

तिकडे ब्रह्मदेशात लोकांना वेगळीच काळजी लागली. भिक्षू आणि विहारांना राजाचा आधार असायचा. राजाच नाही, तर धर्म सांभाळणार कोण? लेडी सयाडो या भिक्षूंनी ठरवलं, सामान्य माणूस सांभाळेल. छापखाने आले होतेच. त्यांनी सोप्या बर्मी भाषेत छोटी पुस्तकं लिहिली, ती गावोगाव गेली. ध्यान हे मुख्यतः भिक्षूंचं काम समजलं जायचं, ते संसारी लोक शिकू लागले. त्यांच्या एका शेतकरी शिष्याने पुढे ते शिकवलं. त्या शेतकऱ्याकडून शिकले सयाजी ऊ बा खिन, स्वतंत्र ब्रह्मदेशचे पहिले महालेखापाल. म्हणजे दिवसा सरकारी हिशेब आणि बाकी वेळात ध्यानाचे वर्ग!

ऊ बा खिन यांच्याकडे १९५५ साली एक मारवाडी व्यापारी आले, सत्यनारायण गोयंका. जन्म १९२४ चा, आणि तोही मंडालेचा, जिथून राजाला उचललं त्याच शहरातला. आले ते अर्धशिशीने हैराण होऊन. घर कर्मठ हिंदू, शिकवणारा बौद्ध. १९६९ मध्ये गोयंका भारतात आले आणि त्याच वर्षी मुंबईत पहिलं दहा दिवसांचं विपश्यना शिबिर झालं. माणसं किती? फक्त १४, त्यात त्यांचे आईवडीलही होते. १९७६ मध्ये इगतपुरीला धम्मगिरी सुरू झालं.

मग अडचण आली. शिकवणारा एक, शिकायला येणारे हजारो. तेव्हा टेपरेकॉर्डर कामाला आला. सूचना आणि संध्याकाळची प्रवचनं रेकॉर्ड झाली, त्यांची अनेक भाषांत भाषांतरं झाली, आणि १९८० च्या दशकापासून सहायक आचार्य नेमले गेले. गोयंका २०१३ मध्ये गेले, तरी शिबिरात आजही त्यांचाच आवाज लागतो.  एप्रिल १९९४ मध्ये दिल्लीच्या तिहार तुरुंगात हजारावर कैदी एकाच शिबिराला बसले. किरण बेदी तेव्हा तिथल्या तुरुंग महानिरीक्षक होत्या.

आता यातली गंमत बघा. सगळं टेपवर चालतं, पण आत जाताना मोबाईल जमा करावा लागतो. नऊ दिवस मौन. पहाटे चारला घंटा. फी नाही, शिबिर संपल्यावर ज्याला जे द्यावंसं वाटेल ते दान. यंत्राचं काम आवाज पोचवण्यापुरतं. बाकी माणसाने माणसाशेजारी बसायचं, एका पंगतीला जेवायचं. घरबसल्या टेप ऐकून हे झालं नसतं.

याचे गोडवे गाऊन थांबणार नाही. शेजारी बसलेला माणूस घरी जाऊन जात विसरतोच असं नाही. मौन सुटलं की जुनी भांडणं जिथल्या तिथे असतात. आणि फी नसली तरी दहा दिवसांची मजुरी बुडते. राज्य सरकारच्या कर्मचाऱ्यांना यासाठी रजेची सोय आहे. होडीवर जाणाऱ्याला कोण रजा देणार?

पण एकत्र बसण्याचं महत्त्व आपल्याला इगतपुरीने शिकवायला नको. आपल्याकडे रांपण होती, अजून थोडीफार आहे. जाळं म्हणजे यंत्रच की. होडी ते समुद्रात घालून येते, पण किनाऱ्यावर दोन्ही बाजूंनी दोर ओढणारे हात नसतील तर बांगडा आपणहून येत नाही. ओढताना सगळ्यांना एकच ताल धरावा लागतो. तिथे कोण कुठल्या पक्षाचा हे विचारायला फुरसत नसते.

आज तारकर्लीत रांपणवाल्यांचा वेगळा ग्रुप, होमस्टेवाल्यांचा वेगळा, वॉटर स्पोर्ट्सवाल्यांचा वेगळा. किनाऱ्याची जागा, कचरा, पार्किंग, मासेमारीची वेळ, विषय सगळ्यांचे तेच. एक फॉरवर्ड येतो, चार जण भडकतात, दोघे ग्रुप सोडतात. निरोप पोचला, माणसं मात्र लांब गेली.

ग्रुप बंद करा असं मी म्हणत नाही. बैठकीची वेळ कळवायला त्याच्यासारखं साधन नाही. पण विषय किनाऱ्याचा असला की तिथे वाद घालू नका. ग्रामसभेला या, मोबाईल खिशात ठेवा, आणि ज्याचं पटत नाही त्याचं बोलणं पूर्ण होईपर्यंत गप्प बसा. दहा दिवस नको रे बाबा, दहा मिनिटं जमलं तरी खूप झालं.