कॉर्कला जाण्याआधी

आमच्या थोरल्या बंधूंची मुलगी नोकरीनिमित्त आयर्लंडमधील कॉर्क शहरात राहते. "काका-काकू, एकदा तरी या," असा तिचा दोन वर्षे आग्रह चालला होता. यंदा आम्ही उभयतांनी होकार दिला. सरकारी नोकराला परदेशी जायचे तर आधी खात्याची परवानगी काढावी लागते. त्या अर्जात 'प्रवासाचे प्रयोजन' असा एक रकाना होता. तिथे 'पर्यटन' असे लिहून आम्ही मोकळे झालो. मग काय काय पाहायचे याची यादी करायला बसलो, आणि यादी वाढत गेली तसा तो शब्द अपुरा वाटू लागला. त्याचीच ही हकिगत.

कॉर्क हे आयर्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरचे जुने बंदर. शहराच्या आयरिश नावाचा अर्थच मुळी दलदल. ली नदीच्या दोन प्रवाहांमधल्या बेटावर शहराचा मध्यभाग वसला आहे. संत फिनबार यांचा मठ, मग व्हायकिंग दर्यावर्दी, मग इंग्रजी सत्ता, असे इतिहासाचे थर इथे एकावर एक चढले. १७८८ सालापासूनचा 'इंग्लिश मार्केट' हा बाजार आजही भरतो. शँडनच्या चर्चच्या मनोऱ्यावर चार बाजूंना चार घड्याळे आहेत. ती एकमेकांशी जुळत नसत, म्हणून गावकऱ्यांनी त्याला 'चारतोंडी लबाड' असे नाव ठेवले. तिथल्या घंटा पाहुण्यांनाही वाजवायला मिळतात. हे सारे यादीत गेले.

डब्लिनहून रेल्वेने आले की कॉर्कच्या केंट स्थानकावर उतरायचे. हा केंट कोण? टॉमस केंट. १९१६ च्या उठावानंतरच्या धरपकडीत त्याला पकडले आणि ९ मे रोजी कॉर्कच्या लष्करी बराकीत गोळ्या घातल्या. डब्लिनमधला तो उठाव २४ एप्रिल १९१६ रोजी, ईस्टरच्या सोमवारी सुरू झाला आणि आठवडाभरात मोडला गेला.

ही तारीख वाचून आम्ही थबकलो. त्याच आठवड्यात, २८ एप्रिल १९१६ रोजी, आमच्या बेळगावात मुंबई प्रांतिक परिषदेच्या वेळी लोकमान्य टिळकांनी होमरूल लीगची स्थापना केली होती. जोसेफ बॅप्टिस्टा अध्यक्ष झाले आणि न. चिं. केळकर चिटणीस. ॲनी बेझंट यांची लीग त्यानंतर सप्टेंबरात निघाली. बेळगाव म्हटले की १९२४ चे, गांधीजींच्या अध्यक्षतेखालचे काँग्रेस अधिवेशन सर्वांना आठवते. १९१६ चे नाव मात्र क्वचितच निघते.

'होमरूल' हा शब्दही आयर्लंडचाच. आयरिश लोकांनी आपल्या कारभारासाठी आपली संसद मागितली, त्या चळवळीचे हे नाव. तिचे सर्वांत गाजलेले पुढारी चार्ल्स स्ट्युअर्ट पार्नेल १८८० ते १८९१ या काळात ब्रिटिश संसदेत कॉर्क शहराचेच प्रतिनिधी होते. म्हणजे ज्या शहराच्या प्रतिनिधीने हा शब्द पार्लमेंटात गाजवला, तिथे आम्ही निघालो होतो. आणि तो शब्द भारतात ज्या गावी संघटना होऊन उभा राहिला, त्या गावातून निघालो होतो.

यादीत पुढचे नाव कॉर्कच्या नगरभवनाचे. मार्च १९२० मध्ये महापौर टोमास मॅककर्टन यांची त्यांच्या घरातच हत्या झाली. त्यांच्या जागी आलेले टेरेन्स मॅकस्विनी नाटककार होते. ऑगस्टमध्ये त्यांना नगरभवनातच अटक झाली. त्यांनी अन्नत्याग केला आणि ७४ दिवसांनंतर, २५ ऑक्टोबर १९२० रोजी, लंडनच्या ब्रिक्स्टन तुरुंगात देह ठेवला. डिसेंबरात ब्रिटिश दलांनी शहराचा मध्यभाग पेटवला, त्यात नगरभवन आणि ग्रंथालय जळाले. आज दिसते ती वास्तू १९३६ साली खुली झालेली.

नऊ वर्षांनी लाहोरच्या तुरुंगात जतीन दास यांनी राजकीय कैद्यांच्या हक्कांसाठी उपोषण केले आणि १३ सप्टेंबर १९२९ रोजी, त्रेसष्टाव्या दिवशी ते गेले. तेव्हा मॅकस्विनी यांच्या कुटुंबाने भारताच्या दुःखात सहभागी असल्याची तार पाठवली. ज्या घराने ते दुःख सोसले होते, त्याच घरून ती तार आली होती.

दुःखाची ही ओळख पुढेही राहिली. २३ जून १९८५ रोजी एअर इंडियाचे 'कनिष्क' विमान बॉम्बस्फोटाने याच किनाऱ्याजवळच्या समुद्रात कोसळले. ३२९ जण गेले. त्यांतले बहुतेक कॅनडात स्थायिक झालेले भारतीय वंशाचे लोक होते. हाती लागलेले मृतदेह कॉर्कच्या रुग्णालयात आणले. धावून आलेल्या नातेवाइकांना तिथल्या लोकांनी आधार दिला. अहाकिस्ता या किनाऱ्यावरच्या गावी स्मारक आहे. दर वर्षी २३ जूनला तिथे लोक जमतात. आम्ही सुट्टी त्याच सुमारास मागितली आहे.

शेवटचे ठिकाण कोव्ह, कॉर्कचे बंदर. टायटॅनिकचा शेवटचा थांबा हाच, ११ एप्रिल १९१२. पण त्याहून मोठी गोष्ट अशी की, बटाट्याच्या दुष्काळापासून पुढच्या शंभर वर्षांत सुमारे २५ लाख माणसे या धक्क्यावरून देश सोडून गेली. जिथून लोक पोटासाठी बाहेर पडले, तिथे आज आपली मुलगी नोकरीसाठी जाऊन राहिली आहे. आपल्यापैकी बहुतेकांचे पूर्वजही कधी काळी असेच गाव सोडून निघाले होते. त्यामुळे हे आपल्याला वेगळे समजावून सांगायला नको.

खात्याच्या कागदावर 'पर्यटन' आहे, ते तसेच राहू दे. घरच्या यादीत मात्र आम्ही सर्वांत वर 'बेळगाव, एप्रिल १९१६' असे लिहिले आहे. आमच्या दहावीतल्या चिरंजीवांना टायटॅनिकची सारी माहिती आहे, पण आपल्या गावातली ही गोष्ट आम्ही त्यांना कधी सांगितलीच नव्हती. चूक आमची. यंदा आरतीनंतर मंडळाच्या मुलांपुढे ती सांगायची आणि मगच विमानाची तिकिटे काढायची, असे ठरले आहे.