गाईचे ऋण

मानवाने आजवर असंख्य रोगांशी झुंज दिली. परंतु पृथ्वीच्या पाठीवरून समूळ नाहीसे झाले असे रोग दोनच. एक देवी व दुसरा बुळकांड्या. देवी माणसांना येत. बुळकांड्या गाई, बैल व म्हशी यांना होई. देवीच्या रोगाचे उच्चाटन झाल्याचे १९८० साली जाहीर झाले, तर बुळकांड्याचे २०११ साली. हे दोन्ही विजय लसीने मिळवून दिले. माणूस आणि गाय यांनी एकमेकांना कसे तारले, याचा हा इतिहास असून, मुंबई बंदरातून मॉरिशसला आलेल्या मराठी मजुरांचेही त्यात एक स्थान आहे.

देवी या रोगाचे मराठी नावच त्याच्या भीतीची साक्ष देते. ज्या व्याधीपुढे वैद्याचे काही चालत नसे, तिला लोकांनी देवता मानले. घरात मुलाला देवी आल्या म्हणजे शीतलादेवीला नवस बोलावा, कडुनिंबाचा पाला अंथरावा व तिची कृपा भाकावी, एवढेच आईबापांच्या हाती उरे. जी मुले वाचत त्यांच्या तोंडावर वण राहत, कित्येकांची दृष्टी जाई. एकदा देवी येऊन गेलेल्या माणसाला त्या पुन्हा येत नाहीत, हे मात्र अनुभवाने सर्वांना ठाऊक होते. याच अनुभवावरून हिंदुस्थानात, चीनमध्ये व तुर्कस्तानात रोग्याच्या फोडातील द्रव निरोगी माणसाला टोचण्याची प्रथा पडली होती. त्यामुळे पुष्कळांचे रक्षण होई. परंतु टोचला जाणारा रोग खराच असल्याने काही जण दगावत, आणि साथ इतरांतही पसरे.

या कोड्याचे उत्तर गाईने दिले. इंग्लंडमधील गवळणींना गाईच्या आचळांवरील फोडांचा संसर्ग होई आणि त्यानंतर त्यांना देवी येत नसत, अशी तेथील खेड्यांतून समजूत होती. एडवर्ड जेन्नर या ग्रामीण डॉक्टराने ती प्रयोगाने पारखून पाहिली. १४ मे १७९६ रोजी त्याने एका गवळणीच्या हातावरील फोडातील द्रव जेम्स फिप्स नावाच्या आठ वर्षांच्या मुलाला टोचला. पुढे त्या मुलाला खऱ्या देवी मुद्दाम टोचल्या असताही त्या आल्या नाहीत. लॅटिन भाषेत ‘वाका’ म्हणजे गाय. त्यावरून ‘व्हॅक्सिन’ हा शब्द झाला. मराठीत त्याला लस म्हणू लागले, कारण फोडातून पाझरणाऱ्या पातळ द्रवाला मराठी माणूस पूर्वीपासून लसच म्हणत असे.

ही लस हिंदुस्थानात आणणे सोपे नव्हते. उष्ण हवेत ती लांबच्या प्रवासात निकामी होई. अखेरीस व्हिएन्नाहून बगदादला व तेथून बसऱ्याला ती पोचली, आणि बसऱ्याहून समुद्रमार्गे मुंबईस आली. १४ जून १८०२ रोजी मुंबईत अ‍ॅना डस्टहॉल या तीन वर्षांच्या मुलीला ती टोचण्यात आली. हिंदुस्थानात यशस्वी रीतीने लस टोचली गेलेली ही पहिली व्यक्ती होय. तिच्या दंडावरील फोडातून लस घेऊन मुंबईतील इतर मुलांना टोचली गेली, त्यांच्यापासून आणखी मुलांना, आणि अशा रीतीने ती पुणे, सुरत, हैदराबाद, मद्रास व सिंहलद्वीपापर्यंत जाऊन पोचली. त्या काळी बर्फाच्या पेट्या नव्हत्या. लहान मुलांचे दंड हीच लसीची कुपी होती. साखळीतील एक मूल जरी नियोजित दिवशी आले नाही, तरी सारी साखळी तुटण्याचे भय असे. पुढे एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात वासरांच्या अंगावर लस तयार करण्याची पद्धत रूढ झाली आणि गोवंशाचे हे ऋण अधिकच वाढले.

१८३४ पासून सुमारे आठ दशकांत जवळजवळ पाच लाख भारतीय मजूर करारावर मॉरिशसला आले. त्यांतील मराठी भाषक मुख्यत्वे मुंबई बंदरातून निघाले. भरती झालेल्या माणसाची डेपोत तपासणी होई, आणि देवी टोचल्याची खूण दंडावर नसल्यास लस टोचली जाई. जहाजावर साथ फुटली तर मळेवाल्याचे नुकसान होईल, हा हिशेब त्यामागे होता. सुई कशाची, ती कशासाठी, हे समजावून सांगण्याची तसदी बहुधा कोणी घेतली नसावी. तथापि हेतू कोणताही असो, तो वण त्या माणसांना समुद्रापार उपयोगी पडला. पोर्ट लुईच्या घाटावर उतरलेल्या अनेकांजवळ गाठोड्यापलीकडे काही नव्हते. परंतु दंडावरची ती खूण त्यांच्यासोबत होती.

जेथे लस नव्हती तेथे काय घडत असे, याचे दारुण उदाहरण मॉरिशसच्या इतिहासातच आहे. १८५४ च्या पटकीने बेट हादरून गेले होते. जानेवारी १८५६ मध्ये कलकत्त्याहून आलेल्या ‘हैदरी’ व ‘फत्ते मुबारक’ या जहाजांवर पटकीचा संशय येताच त्यांवरील मजुरांना गॅब्रिएल बेटावर उतरविण्यात आले. पुरेसा निवारा नाही, अन्नपाण्याची नीट सोय नाही, अशा स्थितीत अडीचशेहून अधिक माणसे तेथे मृत्युमुखी पडली. हिंदुस्थान सरकारला मॉरिशसकडे होणारी भरती काही काळ थांबवावी लागली. ज्या रोगावर प्रतिबंधक उपाय ठाऊक नसतो, त्या रोगाच्या भीतीने माणसे माणसांशी कशी वागतात, हे त्या बेटाने दाखवून दिले.

पटकीची लस वाल्डेमार हाफकिन यांनी १८९२ साली पॅरिस येथे तयार केली, प्रथम स्वतःलाच टोचून घेतली व १८९३ मध्ये ती हिंदुस्थानात आणली. १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात प्लेग सुरू झाला, तेव्हा सरकारने त्यांनाच पाचारण केले. ग्रँट मेडिकल कॉलेजातील लहानशा प्रयोगशाळेत त्यांनी काही महिन्यांत प्लेगची लस सिद्ध केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी तीही आधी स्वतःला टोचली. त्यानंतर भायखळ्याच्या तुरुंगात स्वेच्छेने पुढे आलेल्या कैद्यांवर तिची परीक्षा झाली. त्याच वर्षी पुण्यात मात्र रँडच्या अमलाखाली गोरे शिपाई घरोघर शिरून झडत्या घेत होते. लोकांचा क्षोभ इतका वाढला की २२ जून १८९७ रोजी रँडवर गोळ्या झाडण्यात आल्या. एकाच वर्षी, एकाच रोगाशी लढताना, स्वतःच्या देहावर प्रयोग करून विश्वास मिळविणारा शास्त्रज्ञ आणि सक्तीने तो गमावणारे सरकार, असे दोन मार्ग महाराष्ट्राने पाहिले.

विश्वास किती नाजूक असतो हेही पुढे दिसले. १९०२ साली पंजाबातील मलकोवाल येथे एका बाटलीतील लस टोचलेली १९ माणसे धनुर्वाताने दगावली. हाफकिन यांच्यावर ठपका आला. बाटली गावात उघडतानाच दूषित झाली असावी, हे मान्य होऊन ते १९०७ मध्ये दोषमुक्त झाले. १९२५ साली परळच्या प्रयोगशाळेला त्यांचे नाव देण्यात आले.

आता गाईच्या ऋणाकडे वळावयाचे. १८८९ साली पुण्यात जनावरांच्या रोगांच्या अभ्यासासाठी एक सरकारी प्रयोगशाळा स्थापन झाली. १८९३ मध्ये ती हिमालयातील मुक्तेश्वर येथे हलविण्यात आली. बुळकांड्या हे तिच्यापुढील मोठे आव्हान होते. या रोगाने जनावराला ताप येई, तोंडात व्रण पडत, हगवण लागे आणि काही दिवसांतच गोठा रिकामा होई. शेतकऱ्याची नांगरणी, दूध व शेणखत ही एकदमच जात. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आफ्रिकेत हा रोग पसरला, तेव्हा तेथील बहुतेक गुरे मेली आणि इथिओपियात भीषण दुष्काळ पडला. मुक्तेश्वर येथे १९२० नंतरच्या दशकात जे. टी. एडवर्ड्स यांनी रोगाचा विषाणू शेळ्यांतून वारंवार संक्रमित करून सौम्य केला व त्यापासून लस केली. पुढे केनियात वॉल्टर प्लौराइट यांनी अधिक निर्धोक लस तयार केली. भारताने १९५४ मध्ये राष्ट्रीय मोहीम हाती घेतली आणि खेडोपाडी गुरांना लस टोचून १९९५ पर्यंत रोग संपविला. ज्या गाईने माणसाच्या लेकरांना देवीपासून वाचविले, तिच्या वासरांना माणसाने बुळकांड्यापासून वाचविले.

हा विजय पुन्हा जिंकावा लागत नाही. पण इतर रोगांच्या बाबतीत तसे नाही. २०१६ साली रॉड्रिग्ज व मॉरिशस येथे जनावरांत लाळ्या-खुरकूत शिरला, शेकडो जनावरे मारावी लागली आणि उरलेल्यांना लस टोचावी लागली. २०१८ मध्ये मॉरिशसमध्ये गोवराची साथ आली. गोवर रोखावयाचा तर शंभरातील सुमारे पंचाण्णव जणांना लस मिळालेली असावी लागते. कारण तान्ह्या मुलांचे व दुर्बळ रुग्णांचे रक्षण शेजाऱ्यांच्या लसीनेच होते. १८०२ साली मुंबईत जी साखळी दंडावरून दंडावर गेली, तीच आज घराघरांतून जाते, आणि एका घराने हात मागे घेतला तर ती शेजारच्या पाळण्यापाशी तुटते.

डेपोतील मजुराला सुईचा अर्थ कोणी विचारू दिला नाही. त्याच्या पणतवंडांना तो अर्थ वाचता येतो, डॉक्टराला शंका विचारता येतात आणि जाणून-उमजून मुलाचा दंड पुढे करता येतो. पूर्वजांना न मिळालेला हा अधिकार आहे. त्याचा विवेकाने उपयोग करण्यातच त्यांचे खरे स्मरण आहे.